लखनौचा मछलीदार रुपया

सचोटीच्या माणसाला मराठीत ‘खणखणीत नाणे’ म्हणतात, आणि एखाद्याच्या लौकिकास उणेपणा आला की त्याला ‘बट्टा लागला’ असे म्हणतात. हे दोन्ही शब्दप्रयोग सराफाच्या पेढीवरून आपल्या भाषेत आले. रुपया फरशीवर आपटून त्याचा नाद ऐकायचा, बोटाने त्याची कड चाचपायची, तराजूत त्याचे वजन पाहायचे आणि मग तो पूर्ण किमतीने घ्यायचा की बट्टा कापून घ्यायचा हे ठरवायचे, ही सराफाची नित्याची विद्या होती. आज चांदीचा रुपया बाजारात चालत नाही. तरीही नाण्याची पारख संपलेली नाही. फक्त पारखी बदलला. सराफाला नाण्यातली चांदी पाहायची असे. संग्राहकाला त्या चांदीवर उमटलेला काळ वाचायचा असतो. ही दुसरी पारख कशी करतात, हे समजून घ्यायला लखनौच्या टाकसाळीतून निघालेल्या शाही रुपयाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

अवध हा मोगलांचा सुभा. १७२२ साली सादतखान बुऱ्हान-उल-मुल्क तेथे सुभेदार म्हणून आला आणि त्याच्या घराण्यात ही सुभेदारी वंशपरंपरागत होऊन बसली. १७७५ साली असफउद्दौल्याने आपली राजधानी फैजाबादहून लखनौला हलवली. दिल्लीची सत्ता तोवर नावापुरती उरली होती. पण त्या नावाला फार मोठे मोल होते. राज्यकर्त्याचे सार्वभौमत्व दोन गोष्टींनी सिद्ध होई : मशिदीत त्याच्या नावाचा खुतबा वाचला जाणे आणि टाकसाळीत त्याच्या नावाचा सिक्का पडणे. म्हणून अवधचे नवाब स्वतंत्रपणे राज्य करीत असले तरी त्यांच्या रुपयावर नाव असे ते दिल्लीच्या शाहआलम बादशहाचे. यात नवल वाटायला नको. पुण्याच्या अंकुशी रुपयावरही बादशहाचेच नाव असे. फार काय, फ्रेंच कंपनीला १७३६ साली पाँडिचेरीस रुपये पाडण्याची सनद मिळाली, तेव्हा त्या रुपयांवरही फ्रान्सच्या राजाऐवजी मोगल बादशहाचे नाव आणि अर्काटचा छाप आला; फ्रेंचांची ओळख म्हणून त्यावर एक चंद्रकोर तेवढी असे. लोक ज्या नावावर विश्वास ठेवतात तेच नाव नाण्यावर चालते, हा त्या काळचा सर्वमान्य व्यवहार होता.

अशा वेळी एका टाकसाळीचे नाणे दुसऱ्या टाकसाळीच्या नाण्यापासून ओळखायचे ते चिन्हावरून. पुण्याच्या रुपयाचे चिन्ह अंकुश, तर लखनौच्या रुपयाचे चिन्ह मासा. सादतखान नदी ओलांडत असता एक मासा उडी मारून त्याच्या पुढ्यात पडला आणि तो शुभशकुन मानला गेला, अशी आख्यायिका आहे. मोगल दरबारातील ‘माही मरातिब’ या बहुमानातही माशाचे निशाण असेच. कारण कोणतेही असो, लखनौच्या दरवाजांवर, कमानींवर आणि नाण्यांवर मासा दिसतो. आजच्या उत्तर प्रदेशाच्या राज्यचिन्हातही दोन मासे आहेत. या चिन्हामुळेच त्या रुपयाला लोकांनी ‘मछलीदार’ असे नाव दिले.

पण मासा पाहून संग्राहकाचे काम संपत नाही. तेथून ते सुरू होते. नवाबी काळातल्या मछलीदार रुपयावर टाकसाळीचे नाव आहे ‘मुहम्मदाबाद बनारस’! बनारस तर १७७५ सालीच ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेले होते. मग हा रुपया बनारसचा कसा? तो बनारसचा नव्हेच. बनारसचा रुपया बाजारात नावाजलेला होता. शहर हातचे गेल्यावर नवाबांनी लखनौत रुपये पाडताना तेच विश्वासाचे नाव पुढे चालू ठेवले. म्हणजे बादशहा दिल्लीचा, गावाचे नाव बनारसचे आणि प्रत्यक्ष हातोडा मात्र लखनौचा, असा हा तिहेरी प्रकार आहे. या तिन्हींमध्ये खरे बोलतो तो एकटा मासा.

रुपयावरची वर्षेही अशीच कोड्यात टाकणारी आहेत. मोगली नाण्यावर दोन वर्षे असत : एक हिजरी सन आणि दुसरे राज्यारोहणापासून मोजलेले ‘जुलूस’ वर्ष. लखनौच्या या रुपयावर हिजरी सन दरवर्षी बदलत जातो, पण जुलूस वर्ष मात्र २६ या आकड्यावर थांबले ते थांबलेच. शाहआलम गादीवर आला हिजरी ११७३ मध्ये. त्याचे सव्विसावे वर्ष इसवी सनाच्या हिशेबाने १७८४-८५ च्या सुमारास येते. पुढे १८०६ साली तो बादशहा वारला, तरीही त्याचे सव्विसावे वर्ष लखनौच्या टाकसाळीत चालूच राहिले.

याचे कारण ‘बट्टा’ या शब्दातच आहे. त्या काळी चालू वर्षाचा रुपया पूर्ण किमतीला चाले. वर्ष उलटले की तोच रुपया जुना ठरे आणि सराफ त्यावर बट्टा कापी. नाणे झिजून चांदी कमी होते, ही त्यामागची सबब. पण वर्षभरात न झिजलेल्या रुपयालाही हा दंड सोसावा लागे आणि त्याचा भार शेवटी शेतकऱ्यावर व छोट्या व्यापाऱ्यावर पडे. नाण्यावरचे जुलूस वर्ष कायमचे गोठवले की नवा रुपया आणि जुना रुपया हा भेद करण्याचे सराफाचे साधन कमजोर होते. बंगालमध्ये कंपनीने हाच उपाय करून आपल्या सिक्का रुपयावर १९ सन कायम ठेवला होता. म्हणून अशा नाण्याचा काळ ठरवताना गोठलेल्या वर्षावर विसंबून चालत नाही. हिजरी सन शोधावा लागतो. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने त्याचे इसवी सनात रूपांतर करताना केवळ ठरावीक संख्या मिळवून भागत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते.

१८१९ साली या नाण्याने एकदम रूप पालटले. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याला दिल्लीच्या नावाचा उरलासुरला दबदबा मोडायचा होता. त्याच्या उत्तेजनाने नवाब गाजीउद्दीन हैदर याने त्या वर्षीच्या ९ ऑक्टोबरला स्वतःला अवधचा राजा म्हणून अभिषेक करविला. राजा होताच रुपयावरचे शाहआलमचे नाव गेले, ‘बनारस’ गेले आणि तेथे राजाचे स्वतःचे नाव व ‘दार-उस्-सल्तनत लखनौ, सुबा अवध’ अशी अक्षरे आली. दुसऱ्या बाजूला तर युरोपीय धाटणीचे राजचिन्हच अवतरले : मध्ये कट्यार, दोन मासे, वर मुकुट आणि दोन अंगांना निशाणे धरून उभी असलेली दोन श्वापदे. हे चिन्ह आखण्यात दरबारी इंग्रज चित्रकार रॉबर्ट होम याचा हात असल्याचे सांगतात. गंमत अशी, की दिल्लीपासून मोकळे झाल्याची ग्वाही देणारी ‘सुबा’ ही अक्षरे मात्र दिल्लीचीच राहिली. सुभा म्हणजे साम्राज्याचा प्रांत. नाणे कधीकधी राजापेक्षा अधिक प्रांजळ असते, ते असे.

पुढे नासिरउद्दीन हैदर, मुहम्मद अली शाह, अमजद अली शाह आणि वाजिद अली शाह या चौघांनी आपापल्या नावाने रुपये पाडले. नासिरउद्दीनच्या आरंभीच्या नाण्यांवर ‘सुलेमान जाह’ हे नाव आहे, नंतरच्या नाण्यांवर ‘नासिरउद्दीन हैदर’. राजचिन्हातही फरक होत गेला. वाजिद अली शाहच्या रुपयावर श्वापदांच्या जागी दोन जलपऱ्या आल्या, आणि ‘अख्तर’ या त्याच्या कविनामावरून टाकसाळीच्या ओळीत ‘अख्तरनगर’ हे नाव शिरले. कवीचे टोपणनाव शहराचे नाव होऊन चांदीवर उमटावे, हे लखनौलाच साजेसे होते. या राजांनी अश्रफी आणि रुपया यांबरोबर अर्धा, पाव, अष्टमांश व षोडशांश अशीही नाणी पाडली. लहान नाणी अधिक हाताळली जातात आणि अधिक हरवतात. म्हणून आज ती चांगल्या स्थितीत मिळणे रुपयापेक्षा कठीण आहे.

फेब्रुवारी १८५६ मध्ये कंपनीने अवध खालसा केले आणि लखनौची टाकसाळ थांबली. पण मछलीदार रुपयाची कथा तेथे संपली नाही. हिजरी १२२९ आणि जुलूस २६ अशी वर्षे असलेला शाहआलमच्या नावाचा एक रुपया आढळतो. हिजरी १२२९ म्हणजे इसवी सन १८१४. वरवर पाहणारा त्याला नवाबी काळातला साधा रुपया समजून बाजूला ठेवील. तथापि त्यावर टाकसाळीचे नाव ‘मुहम्मदाबाद बनारस’ नसून ‘सुबा अवध’ आहे. १८१४ साली तर बनारसचेच नाव चालू होते. म्हणून अभ्यासकांनी असा निष्कर्ष काढला, की हा रुपया १८५७-५८ च्या उठावातला आहे. बेगम हजरत महलने आपला अल्पवयीन पुत्र बिर्जीस कद्र याला गादीवर बसवून लखनौ लढते ठेवले, त्या महिन्यांत जुन्या, लोकांच्या ओळखीच्या धाटणीवर तो पाडला गेला. १८१९ च्या अभिषेकाने पुसलेले बादशहाचे नाव उठाववाल्यांनी अशा रीतीने पुन्हा चांदीवर आणले. ज्या दोन शब्दांमुळे हा अर्थ लागतो, ते झिजले किंवा घासले गेले, तर स्वातंत्र्ययुद्धाचा एक साक्षीदार निव्वळ दहा-अकरा ग्रॅम चांदी होऊन बसतो. नाण्याच्या स्थितीला एवढे महत्त्व का, याचे उत्तर येथे आहे.

नाण्याची प्रत ठरवण्यासाठी ते कसे तयार होत असे हे प्रथम माहीत असावे लागते. चांदीचे तुकडे कापून, वजन करून, ठोकून गोल केले जात. एक ठसा ऐरणीत पक्का बसवलेला असे. त्यावर चकती ठेवून वरून दुसरा ठसा धरीत आणि हातोड्याचा घाव घालीत. ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे सगळा मजकूर एका नाण्यावर कधीच मावत नसे. कोठे सन कापला जाई, कोठे नाव. नजराण्यासाठी मुद्दाम रुंद चकतीवर पाडलेल्या रुपयांत तेवढा संपूर्ण ठसा दिसतो, आणि म्हणूनच ते दुर्मिळ व मोलाचे. फ्रान्सच्या राजांनी सतराव्या शतकाच्या मध्यास हातोडा बाजूला सारून यंत्राने नाणी पाडण्याची पद्धत सक्तीची केली. त्यामुळे तेथील ‘एकू’ हे चांदीचे मोठे नाणे वाटोळे आणि चारी बाजूंनी पूर्ण दिसते. त्या यंत्रयुगाच्या मापाने लखनौचा रुपया मोजला, तर कित्येक उत्कृष्ट रुपये सदोष ठरतील. असा न्याय करणे म्हणजे हातमागाच्या लुगड्याला गिरणीच्या कापडाची कसोटी लावणे होय.

म्हणून जाणता संग्राहक दोन प्रश्न वेगळे ठेवतो. पहिला प्रश्न असा, की नाणे टाकसाळीतून बाहेर पडताना कसे होते? दुसरा असा, की बाहेर पडल्यावर त्याचे काय झाले? अक्षर चकतीबाहेर गेले असेल, घाव तिरका पडून एक कड पुसट झाली असेल, तर तो पहिल्या प्रश्नाचा भाग. त्याला झीज म्हणू नये. झीज ओळखायची ती उंचवट्यांवरून. माशाचे खवले, मुकुटाचे टोक, फारसी अक्षरांच्या जाड रेषा हे भाग सर्वांत वर असतात आणि सर्वांत आधी गुळगुळीत होतात. अक्षर पुसट आहे पण भोवतालच्या पृष्ठभागावर मूळचे तेज आहे, तर तो अपुरा घाव. अक्षर आणि पृष्ठभाग दोन्ही सारखेच गुळगुळीत आहेत, तर ती हाताळणी. नाणे दिव्याखाली तिरपे धरून हळूहळू फिरवले, की हा फरक डोळ्यांना दिसतो.

प्रत सांगण्याच्या परिभाषा देशोदेशी निराळ्या आहेत. इंग्रजीत ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रीमली फाइन’ अशा पायऱ्या चढत ‘अनसर्क्युलेटेड’, म्हणजे न वापरलेल्या नाण्यापर्यंत जातात. येथे नवख्याची फसगत होते. ‘फाइन’ हा शब्द गौरवाचा वाटला तरी ते नाणे बरेच झिजलेले असते. फ्रेंच संग्राहक सर्वोच्च प्रतीला ‘फ्लर द क्वाँ’, म्हणजे ‘ठशाचे फूल’ असे म्हणतात. १९४९ साली अमेरिकेत डॉ. विल्यम शेल्डन याने १ ते ७० अशी अंकांची श्रेणी मांडली. ती मुळात तांब्याच्या जुन्या अमेरिकी सेंटांसाठी होती. पुढे ती सर्व नाण्यांना लावली गेली. गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून नाणे तपासून, प्रत देऊन पारदर्शक डबीत बंद करणाऱ्या व्यावसायिक संस्थाही निघाल्या. अंकामुळे व्यवहार सोपा होतो यात शंका नाही. परंतु ‘सुबा अवध’ ही अक्षरे स्पष्ट असलेला झिजका रुपया आणि ती अक्षरे चकतीबाहेर गेलेला चकचकीत रुपया, यांत इतिहासाच्या दृष्टीने थोर कोणता, हे अंक सांगू शकत नाही.

टाकसाळीबाहेर रुपयाला जे भोगावे लागे, त्यातली पहिली खूण सराफाची. खऱ्याखोट्याची खात्री करण्यासाठी सराफ नाण्यावर लहान छिन्नीने टोचा मारीत किंवा आपला बारीक छाप उठवीत. अशा टोच्यांनी प्रत उतरते. परंतु ते नाणे बाजारात खरोखर फिरले याची ती साक्षही असते. दुसरी खूण दागिन्याची. रुपयांच्या माळा करण्यासाठी त्यांना कडी जोडीत किंवा भोक पाडीत; कडी पुढे काढली तरी डाकाचा डाग कडेवर राहतो आणि भोक बुजवले तरी तेथील अक्षराची वळणे बिघडतात.

तिसरा अपाय सर्वांत मोठा आणि सर्वांत टाळता येण्याजोगा आहे. तो म्हणजे सफाई. जुन्या चांदीवर काळसर, निळसर झाक चढते. घरातली मंडळी देवाची उपकरणी घासावी तशा भक्तिभावाने नाणेही राखेने, चिंचेने किंवा पावडरीने घासून लख्ख करतात. ती झाक म्हणजे मळ नव्हे. चांदीचा हवेतील गंधकाशी संयोग होऊन तो पातळ थर तयार झालेला असतो. घासताना त्याच्याबरोबर चांदीचाही सूक्ष्म थर जातो आणि पृष्ठभागावर असंख्य बारीक ओरखडे उठतात. गेलेली झाक कालांतराने परत येते; गेलेले अक्षर परत येत नाही. नाणे कडेने धरावे, सुती कापडावर ठेवावे आणि कोरड्या जागी कागदाच्या पाकिटात जपावे, एवढी काळजी पुरेशी असते.

मागणी वाढली की नकलाही वाढतात. साच्यात ओतलेल्या नकली रुपयावर बुडबुड्यांचे बारीक खळगे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात आणि कडेवर साच्याचा सांधा सापडतो. नाद हा सराफाचा निकष अजूनही उपयोगी आहे, मात्र जुने नाणे आपटून पाहू नये. त्याहून निर्धोक कसोटी पाण्याची. चांदी पाण्याच्या सुमारे साडेदहा पट जड असते. समजा, रुपयाचे वजन ११.१ ग्रॅम भरले. बारीक दोऱ्याने तो पाण्यात बुडवून पुन्हा तोलला, तर चांगल्या चांदीच्या रुपयाचे वजन साधारण १.०७ ग्रॅमने घटेल. वरून मुलामा दिलेला तांब्याचा रुपया असेल तर घट १.२५ ग्रॅमच्या आसपास जाईल. नाण्याला ओरखडाही न काढता अंतरंग सांगणारी ही युक्ती आहे. मात्र चांगल्या चांदीत नव्या ठशाने पाडलेली नक्कल यातून निसटते. तिला पकडायला खात्रीच्या नाण्याशी अक्षरागणिक तुलना करावी लागते.

अशी तुलना करता येते, कारण पूर्वीच्या अभ्यासकांनी नाणी नोंदवून ठेवली. लखनौच्या कॅनिंग कॉलेजातील प्राध्यापक सी. जे. ब्राउन यांनी अवधच्या राजांच्या नाण्यांवर १९१२ साली लेख लिहिला आणि १९२० साली लखनौच्या प्रांतिक संग्रहालयातील मोगल नाण्यांची दोन खंडांची सूची प्रसिद्ध केली. ते संग्रहालय आज राज्य संग्रहालय म्हणून बनारसी बागेत आहे. महाराष्ट्रातही नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राच्या संशोधनाची संस्था उभी राहिली आहे. संग्रहालयांतील पुष्कळशी नाणी खरेदीने आलेली नाहीत. नांगराच्या फाळाला लागलेल्या किंवा पाया खोदताना सापडलेल्या हंड्यांतून ती आली. १८७८ च्या निखात निधीविषयक कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचे असे धन सापडल्यास ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीचे नाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीस ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

या नियमांमागे केवळ सरकारी मालकीचा आग्रह नाही. हंडा जसाच्या तसा तपासला, तर त्यातल्या सर्वांत अलीकडच्या नाण्यावरून तो कोणत्या धामधुमीत पुरला गेला असावा याचा अंदाज येतो. कोठकोठली नाणी एकत्र आहेत यावरून व्यापाराच्या वाटा कळतात. तीच नाणी वाटून घेतली आणि सोनाराच्या मुशीत गेली, की प्रत्येकाच्या पदरी थोडी चांदी पडते आणि सर्वांच्या वाट्याचा इतिहास विरघळतो. मूस राजाचे नाणे आणि उठावाचे नाणे यांत भेद करीत नाही.

घरात आजीच्या डब्यात एखादा काळवंडलेला रुपया असेल, तर त्याची किंमत विचारण्यापूर्वी तो एकदा वाचून पाहावा. मासा आहे का, अंकुश आहे का, सन कोणता, गाव कोणते, याची वजनासह नोंद करून ती नाण्याजवळच ठेवावी. नाणे कोणाकडून आणि कोठून आले, हेही त्यात लिहावे. कारण ही एक गोष्ट कोणत्याही भिंगातून दिसत नाही आणि सांगणारी माणसे गेली की ती कायमची जाते. संग्रहाची थोरवी नाण्यांच्या संख्येवर ठरत नाही, आणि त्यांच्या झळाळीवर तर नाहीच. ज्या संग्रहातले प्रत्येक नाणे आपले गाव आणि आपला काळ सांगू शकते, तो संग्रह खणखणीत समजावा.